मारुती ८०० आणि मालकाचा हात

कराड, विटा, वाई किंवा मिरजेच्या बाजारपेठेत एमएच ५०, एमएच १० नाहीतर एमएच ११ पाटीची जुनी मारुती ८०० अजूनही सहज दिसते. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली मालकाला मिळाली आणि जानेवारी २०१४ मध्ये ८०० चे उत्पादन थांबले. म्हणजे आज रस्त्यावरची सगळ्यात तरुण ८०० सुद्धा दहा वर्षांच्या पुढची आहे आणि बाकीच्या बऱ्याच गाड्यांनी पंधरा ओलांडली आहेत. शिक्षक, बँकेतले कर्मचारी, एमआयडीसीतले फोरमन अशा रोज ये-जा करणाऱ्यांनी ही गाडी घेतली ती मुख्यतः अ‍ॅव्हरेजसाठी. पण वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीचे अ‍ॅव्हरेज तिच्या माहितीपत्रकातल्या आकड्यावर टिकत नाही. ते देखभालीवर टिकते, आणि ८०० ची रचना अशी आहे की या देखभालीचा मोठा वाटा मालक घराच्या अंगणात उचलू शकतो. तो त्याने उचलावा, असे माझे मत आहे. त्यात पैसा वाचतो हे खरे. पण जुनी गाडी सुरक्षित आणि कमी धुराची ठेवण्याचा याहून भरवशाचा मार्ग नाही, हे त्याहून महत्त्वाचे.

आधी यंत्र पाहू. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे आडवे बसवलेले इंजिन, पुढच्या चाकांना मिळणारी ताकद आणि साडेसहाशे किलोच्या आसपास वजन, एवढाच हा संसार. बॉनेट उघडले की प्लग, डिलको (डिस्ट्रिब्युटर), एअर फिल्टर, बॅटरी, पंख्याचा पट्टा, ब्रेक ऑइलची डबी सगळे डोळ्यांसमोर असते आणि बहुतेक ठिकाणी हात पोचतो. २००० सालाच्या सुमारास फ्युएल इंजेक्शन येईपर्यंत ही गाडी कार्बोरेटरवर चालत होती. कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण जेट, तरंगी आणि स्क्रू यांच्या बळावर जमवणारे भांडे. त्याची तब्येत कळायला संगणक लागत नाही. प्लग काढून त्याचे टोक पाहिले तरी पुरते. टोक विटकरी-तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे. काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा हवा अडली आहे, टोक पांढरट असेल तर मिश्रण पातळ आहे, आणि काळा ओलसर तेलकटपणा असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेले आहेत. तीन प्लगांचा रंग एकमेकांशी जुळत नसेल तर कोणत्या सिलिंडरकडे लक्ष द्यायचे तेही कळते.

अ‍ॅव्हरेज एका दिवसात पडत नाही, ते झिरपत जाते. एअर फिल्टर थोडा चोंदतो, चाकांतली हवा उतरते, चोकची केबल पूर्ण मागे येत नाही, एखादा ब्रेक शू ड्रमला चाटत राहतो. यातले एकही कारण गाडी बंद पाडत नाही आणि म्हणूनच कोणी गॅरेजला जात नाही. हिशेब मात्र चालूच असतो. रोज ४० किलोमीटर आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर १२,००० किलोमीटर होतात. लिटरला १८ किलोमीटर मिळाले तर ६६७ लिटर पेट्रोल लागते. तीच गाडी १४ वर आली तर ८५७ लिटर. फरक १९० लिटरचा. लिटरला शंभर रुपये धरले तरी वर्षाचे १९,००० रुपये धुरावाटे जातात. ते वाचवण्यासाठी लागतात हवा मोजायचे मीटर, पान्ह्यांचा संच, फीलर गेज आणि महिन्यातला एक रविवार सकाळचा तास. गॅरेजमधली सहा महिन्यांची सर्व्हिसिंग कितीही चांगली असली तरी मधल्या पाच महिन्यांतली गळती तिला दिसत नाही. ती रोज गाडी चालवणाऱ्यालाच दिसू शकते.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत तर देखभालीचे एकच वेळापत्रक चालणार नाही. साताऱ्याच्या पश्चिमेला पाऊस आणि घाट आहेत. पसरणी किंवा यवतेश्वरच्या उतारावर ब्रेक तापतात, आणि ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. ओलावा मुरलेले तेल कमी तापमानाला उकळते, त्याचे बुडबुडे होतात आणि पायाखालचे पेडल पोकळ जाते. म्हणून दोन वर्षांनी ते बदलणे इथे टाळता येत नाही. सांगलीच्या पूर्वेला, जत-आटपाडीकडे, शत्रू वेगळा: धूळ आणि ऊन. तिथे एअर फिल्टर लवकर चोंदतो आणि रेडिएटरच्या जाळीत बसलेली माती उन्हाळ्यात इंजिन तापवते. त्यात आता पेट्रोलची भर पडली आहे. कृष्णाकाठच्या उसापासून बनणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते आणि २०२५ मध्ये देशभर मिश्रणाचे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा घटते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या घडणीचे रबर फुगवते वा कडक करते. ऊस उत्पादकाला यातून चार पैसे मिळतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण जुन्या ८०० च्या मालकाने पेट्रोलचे पाइप, पंपाचा पडदा आणि गॅस्केट वेळोवेळी तपासलेच पाहिजेत, कारण चिरलेल्या पाइपातून गरम इंजिनावर पडणारा थेंब आग लावू शकतो.

यंत्राशी असा घरोबा इथे नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभा केला. तिथल्या किर्लोस्करवाडीचा लोखंडी नांगर, पुढे पंप आणि इंजिने, ही सगळी शेतकऱ्याच्या हाती जाणारी यंत्रे होती, आणि पिकाला पाणी देताना इंजिन बंद पडले तर मिस्त्रीची वाट पाहत बसणे परवडत नसे. साताऱ्यात १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स उभी राहिली आणि तिची ‘प्रिया’ घरोघर पोचली. स्कूटर एका कुशीवर कलती करून किक मारणे, प्लग काढून पॉलिश पेपरने घासणे या गोष्टी त्या पिढीला शिकवाव्या लागल्या नाहीत. त्याच घरांत पुढे ८०० आली, तेव्हा अर्धी विद्या आधीच आलेली होती.

या भूमिकेवर गंभीर आक्षेप आहेत. पहिला सुरक्षिततेचा. ८०० मध्ये एअरबॅग नाहीत. तिच्या पुढच्या पिढीतल्या अल्टो ८०० च्या मूळ मॉडेललाही २०१४ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले होते. हे मान्य करूनच पुढे जायला हवे: कितीही निगा राखली तरी ८०० चा पत्रा जाड होत नाही. पण ती विकणारा माणूस बहुधा नव्या गाडीकडे वळत नाही, दुचाकीकडे वळतो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली, त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. म्हणून तुलना दुचाकीशी करावी आणि ८०० चे काम मर्यादित ठेवावे: गाव ते तालुका, दिवसाउजेडी, बेताच्या वेगाने. महामार्गावर ट्रकांच्या रांगेत रात्री ती नेऊ नये.

दुसरा आक्षेप धुराचा. जुनी गाडी नव्या निकषांची बरोबरी करू शकत नाही, म्हणूनच पंधरा वर्षांनंतर तपासणी, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर आहेत, आणि ते योग्य आहेत. परंतु काजळी धरलेले प्लग आणि चोंदलेला फिल्टर पेट्रोलही जास्त पितात आणि कार्बन मोनॉक्साइडही जास्त सोडतात. अ‍ॅव्हरेज राखणारा मालक धूरही राखतो. फक्त काढलेले जुने इंजिन ऑइल गटारात किंवा बांधावर ओतले तर हे सगळे पुण्य वाया जाते. ते कॅनमध्ये भरून गोळा करणाऱ्याकडेच गेले पाहिजे.

तिसरा आक्षेप असा की मालकच पान्हा घेऊन बसला तर गॅरेजवाल्याने काय करायचे, आणि अर्धवट ज्ञानाने जीव गेला तर? दोन्ही प्रश्नांचे उत्तर कामाची सीमा नीट आखण्यात आहे. टायमिंग बेल्ट, स्टीअरिंगचे सांधे, ब्रेकचे सिलिंडर, क्लच प्लेट ही मिस्त्रीचीच कामे. मालकाने तिथे हात घालू नये. पण आवाज कुठून येतो, कधीपासून येतो, हे त्याला सांगता आले तर निदान लवकर होते आणि विनाकारण भाग बदलले जात नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून किकवर चालू होणारी छोटी जीप बनवली आणि २०२२ च्या जानेवारीत उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्याला बोलेरो दिली. ती जीप नियमांत बसत नसल्याने रस्त्यावर अडवली जाईल, हे महिंद्रांनीच आधी लिहिले होते. कौतुक हाताच्या बुद्धीचे आणि नियम रस्त्याचा, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. घरची देखभाल याच दोहोंच्या मधली जागा आहे: मूळ रचना बदलायची नाही, ती शाबूत ठेवायची.

या ज्ञानाचा खरा कस संकटात लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि दारातल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर अशा गाडीची किल्ली फिरवण्याचा मोह होतो, आणि नेमकी तीच चूक असते: सिलिंडरमधले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बॉनेटखालचे कळणारा माणूस आधी बॅटरी सोडवतो, प्लग काढतो, तेल बदलतो, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढतो आणि मगच मिस्त्रीला बोलावतो. ही सावधता पुराच्या दिवशी शिकता येत नाही. ती आधीच्या कितीतरी रविवारी, प्लगचा रंग पाहता पाहता अंगी आलेली असते.