विश्लेषण : चिखल, वाढलेली दाढी आणि ओले मोजे… सामान्य सैनिकांच्या व्यंगचित्रांवर जनरल पॅटन का भडकले होते?

युद्धात आपला जीव वाचवणाऱ्या मित्राला बक्षीस म्हणून काय द्यावे? दुसऱ्या महायुद्धातील एका गाजलेल्या व्यंगचित्रातला सैनिक आपल्या साथीदाराला मोज्यांची शेवटची कोरडी जोडी देऊ करतो. हे चित्र काढणारा तरुण स्वतः पायदळातला सार्जंट होता. त्याच्या चित्रांवर पायदळातले शिपाई फिदा होते, तर अमेरिकेतील सर्वात नावाजलेल्या सेनानींपैकी एक असलेले जॉर्ज पॅटन संतापले होते. विली आणि ज्यो नावाच्या दोन दाढीवाल्या शिपायांवरून एवढा वाद का झाला, याचा हा आढावा.

कोण होते बिल मॉल्डिन?

बिल मॉल्डिन यांचा जन्म १९२१ मध्ये अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात झाला. शिकागोत काही काळ व्यंगचित्रकलेचे धडे घेऊन ते परतले आणि १९४० मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, अॅरिझोनाच्या नॅशनल गार्डमध्ये भरती झाले. तिथून ते ४५ व्या पायदळ डिव्हिजनमध्ये आले. या डिव्हिजनचे स्वतःचे छोटे वृत्तपत्र होते, त्यात ते चित्रे काढू लागले. जुलै १९४३ मध्ये ही डिव्हिजन सिसिलीत उतरली आणि मॉल्डिन यांच्या चित्रांतला विनोद बदलला. प्रशिक्षण छावणीतील कवायतीची चेष्टा मागे पडली आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळे असलेली माणसे कागदावर दिसू लागली.

त्याच वर्षाच्या अखेरीस कॅसिनोच्या परिसरात उखळी तोफेच्या गोळ्याचा तुकडा त्यांच्या खांद्यात घुसला. जखम किरकोळ होती, पण ती आघाडीवर झालेली होती. पायदळाच्या लेखी अशा जखमेला मोल असते. १९४४ मध्ये ते ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ या सैनिकांच्या दैनिकात दाखल झाले. त्यांना स्वतंत्र जीप मिळाली. जीप घेऊन आघाडीवर जायचे, खंदकांत राहायचे, परत येऊन चित्रे काढायची, असा त्यांचा क्रम होता. आठवड्याला सुमारे सहा चित्रे निघत.

विली आणि ज्यो वेगळे का वाटले?

त्या काळी भरतीच्या पोस्टरवरचा सैनिक रुंद छातीचा, गुळगुळीत दाढी केलेला आणि नजर क्षितिजावर रोखलेला असे. विली आणि ज्यो यांच्यातले काहीच त्याच्याशी जुळत नव्हते. खांदे पडलेले, हेल्मेट कलंडलेले, कपडे चिखलाने जड झालेले. सुरुवातीला ज्यो हा अमेरिकेच्या मूलनिवासी जमातीतील सैनिक म्हणून रेखाटला जात होता, कारण ४५ व्या डिव्हिजनमध्ये ओक्लाहोमाकडचे असे अनेक जण होते. पुढे मात्र दोघे इतके सारखे दिसू लागले की नेहमीच्या वाचकालाही कोण विली आणि कोण ज्यो हे पटकन सांगता येत नसे. आघाडीवर महिनोन्महिने काढले की माणसांचे चेहरे एकसारखे होतात, हे त्यामागचे निरीक्षण.

या चित्रांत शत्रू फारसा दिसत नाही. पाऊस, खड्डा, डबाबंद जेवण आणि अधिकारी मात्र जागोजागी भेटतात. एका चित्रात जखमी शिपाई वैद्यकीय मदतनिसाकडे अॅस्पिरिनच्या दोन गोळ्या मागतो. पदक त्याच्याकडे आधीच आहे. दुसऱ्यात गोळीबारात जमिनीला चिकटून पडलेला सैनिक तक्रार करतो की याहून खाली जाता येत नाही, सदऱ्याची बटणे आड येतात. आणखी एका चित्रात घोडदळातला जुना सार्जंट मोडलेल्या जीपसमोर उभा आहे. एका हाताने त्याने डोळे झाकले आहेत आणि दुसऱ्या हातातल्या पिस्तुलाने तो जीपला गोळी घालतो आहे, पाय मोडलेल्या घोड्याला घालतात तशी. या चित्राखाली एकही शब्द नाही.

मोज्यांचे एवढे महत्त्व कशासाठी?

हे आज मोबाइलवर चित्र पाहणाऱ्याला चटकन कळणार नाही, म्हणून थोडे थांबून पाहायला हवे. इटलीत १९४३-४४ च्या हिवाळ्यात सततचा पाऊस, डोंगराळ प्रदेश आणि गुडघाभर चिखल होता. पाय दिवसचे दिवस थंड आणि ओले राहिले, की पायांतला रक्तपुरवठा मंदावतो. कातडी पांढरी पडते, बधिर होते, सुजते आणि दुर्लक्ष झाले तर मांस सडू लागते. याला ‘ट्रेंच फूट’ म्हणतात. त्यासाठी बर्फ पडायची गरज नसते, शून्याच्या वरच्या तापमानातही ते होते. गोळी न लागता सैनिक आघाडीवरून मागे पाठवावा लागतो, प्रसंगी पाय कापावा लागतो.

यावर साधा उपाय होता : बूट काढा, पाय चोळा, कोरडे मोजे घाला. पण तोफांच्या माऱ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात बसलेल्या माणसाने बूट काढायचे कधी आणि कोरडे मोजे आणायचे कुठून? त्यामुळे शेवटची कोरडी जोडी देणे म्हणजे आपले पाय देण्यासारखेच होते. घरी बसलेल्या वाचकाला हा गमतीचा अतिरेक वाटला असेल. खंदकातल्या वाचकाला तो साधा हिशेब वाटला.

रेषा इतक्या जाड का?

मॉल्डिन ब्रश आणि काळ्या शाईने काम करत. जाड, भरलेल्या काळ्या रेषा ही त्यांची शैली खरीच, पण त्यामागे छपाईचे गणितही होते. फोटो छापायचा तर राखाडी छटा बारीक ठिपक्यांत मोडाव्या लागतात आणि त्यासाठी बरा कागद व बरे यंत्र लागते. व्यंगचित्रात मात्र दोनच गोष्टी असतात, शाई आहे किंवा नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर एक आणि शून्य. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या इटलीतील छापखान्यांत, रद्दड कागदावर, नाजूक रेषा पुसट झाली असती. मॉल्डिन यांची रेषा टिकली आणि चित्रातला चिखल खरोखर चिखलासारखा उमटला.

पॅटन यांचा आक्षेप नेमका कशाला होता?

थर्ड आर्मीचे प्रमुख जनरल पॅटन शिस्तीबाबत कमालीचे काटेकोर होते. हेल्मेट, टाय आणि घोटलेली दाढी, यांतले काही कमी दिसले की त्यांच्या हद्दीत दंड होई. मॉल्डिन यांनी त्यावरच चित्र काढले. विली-ज्योची जीप थर्ड आर्मीच्या हद्दीवरील फलकापाशी थांबली आहे, फलकावर दाढी, बटणे, टाय यांच्या दंडाचे दरपत्रकच लावले आहे, आणि दोघे वरिष्ठांना कळवत आहेत की हजार मैलांचा वळसा घालावा लागणार, उशीर होईल.

अखेर मार्च १९४५ मध्ये मॉल्डिन यांना लक्झेंबर्ग येथे पॅटन यांच्यासमोर हजर व्हावे लागले. एकीकडे तीन तारे मिरवणारे सेनानी, दुसरीकडे २३ वर्षांचा सार्जंट. सुमारे पाऊण तासाच्या या भेटीत बहुतेक वेळ पॅटनच बोलले. अशा चित्रांनी अधिकाऱ्यांचा मान जातो आणि सैन्यात बेदिली माजते, असे त्यांचे म्हणणे. मॉल्डिन यांची बाजू अशी की शिपायाची चीड आधीपासूनच असते. ती छापलेली दिसली, आपले कुणाला तरी कळते आहे असे वाटले, की तो हसतो आणि पुन्हा कामाला लागतो.

पॅटन यांचा मुद्दा अगदीच फुटकळ नव्हता. हुकूम ऐकताना विचार करत बसलेला सैनिक मरू शकतो आणि इतरांनाही मारू शकतो. पण त्यांना बंदी घालता आली नाही. सरसेनापती आयझेनहॉवर यांच्या मुख्यालयाने सैनिकांच्या वृत्तपत्रात आणि मॉल्डिन यांच्या कामात ढवळाढवळ करायची नाही, अशी भूमिका घेतली होती. त्याच वर्षी मॉल्डिन यांना पुलित्झर पुरस्कार मिळाला. पुरस्काराच्या चित्रात पावसात शत्रूच्या कैद्यांना घेऊन जाणारा अमेरिकी सैनिक आहे. चित्राखाली वृत्तपत्री थाटात विजयाने उत्साहित सैनिक आणि थकलेभागले कैदी असे वर्णन आहे. चित्रात मात्र पकडणारा आणि पकडलेले सारखेच गळून गेलेले दिसतात. बातमीच्या भाषेवरची ही टीका बातमीच्या धंद्यातल्या प्रत्येकाने एकदा तरी पाहावी अशी आहे.

ही परंपरा मॉल्डिन यांच्यापासूनच सुरू झाली का?

नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातील कॅप्टन ब्रूस बेर्न्सफादर यांनी झुपकेदार मिशांचा ‘ओल्ड बिल’ जन्माला घातला होता. बेर्न्सफादर यांचा जन्म १८८७ मध्ये तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी झाला होता. १९१५ मध्ये ईप्रच्या लढाईत ते जखमी झाले. त्यांच्या सर्वात प्रसिद्ध चित्रात तोफगोळ्यांच्या वर्षावात एका खड्ड्यात दोघे गळ्यापर्यंत बुडाले आहेत, आणि ओल्ड बिल वैतागून साथीदाराला म्हणतो की याहून बरा खड्डा ठाऊक असेल तर खुशाल तिकडे जा. या चित्रांना असभ्य म्हणणारेही होते. पण त्यांची लोकप्रियता पाहून ब्रिटिश युद्ध खात्याने पुढे बेर्न्सफादर यांना चित्रे काढण्याचेच काम दिले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ‘यँक’ साप्ताहिकात जॉर्ज बेकर यांचा ‘सॅड सॅक’ हा दुर्दैवी शिपाईही गाजला, मात्र त्याचा वावर छावणीतच जास्त होता.

याच आघाडीवर मराठा सैनिकही होते?

होय. इटलीच्या मोहिमेत चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन लढल्या. विली-ज्यो ज्या चिखलात होते, त्याच देशात मराठा लाइट इन्फंट्रीचे जवानही होते. रायगड जिल्ह्यातील माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना गोळीबारातून वाहून आणले आणि शत्रूची मशीनगन ठाणी बंद पाडली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

या दोघांचे शौर्य सन्मानपत्रांत नोंदले गेले. पण कोकणातून किंवा देशावरून गेलेला जवान तिथल्या थंडीत काय खात होता, कशावर कुरकुरत होता, सुभेदाराच्या पाठीमागे काय बोलत होता? विली-ज्योइतके घराघरांत पोहोचलेले भारतीय शिपायाचे पात्र त्या युद्धातून घडले नाही. ‘फौजी अखबार’ हे भारतीय सैनिकांसाठीचे नियतकालिक १९०९ पासून निघत होते, आजचे ‘सैनिक समाचार’ ते हेच. पण परकीय सत्तेच्या फौजेत शिपायाने साहेबाची टर उडवणे आणि ती साहेबांच्याच खर्चाने छापली जाणे, हे अवघड होते. त्या जवानांच्या मनातले थोडेफार हाती लागते ते सेन्सॉरने उघडून वाचलेल्या पत्रांच्या उताऱ्यांतून.

युद्ध संपल्यावर पुढे काय झाले?

युद्धाच्या शेवटच्या दिवशी विली आणि ज्योला चित्रातच मारून टाकायचा मॉल्डिन यांचा विचार होता. संपादकांनी तो हाणून पाडला. मग दोघे घरी परतले आणि गंमत कमी झाली. मॉल्डिन आता घरांची टंचाई, वंशभेद, अमेरिकेसाठी लढून आलेल्या जपानी वंशाच्या सैनिकांना मिळणारी वागणूक यांवर चित्रे काढू लागले. खंदकातला विनोद आवडणाऱ्या काही वृत्तपत्रांना हे रुचले नाही, त्यांनी चित्रे घेणे बंद केले. १९५६ मध्ये त्यांनी काँग्रेसची निवडणूक लढवली आणि हरले. १९५९ मध्ये बोरिस पास्तरनाक यांच्या नोबेलवरील चित्रासाठी दुसरे पुलित्झर मिळाले. १९६३ मध्ये केनेडी यांच्या हत्येनंतर त्यांनी काढलेला, चेहरा ओंजळीत लपवून बसलेला लिंकन यांचा पुतळा आजही फिरतो.

‘पीनट्स’चे जनक चार्ल्स शुल्झ हेही महायुद्धात लढलेले. त्यांचा स्नूपी दरवर्षी माजी सैनिक दिनाच्या सुमारास रूट बिअर प्यायला बिल मॉल्डिनकडे निघायचा.

आयुष्याच्या शेवटी मॉल्डिन यांना अल्झायमर झाला. कॅलिफोर्नियातील शुश्रूषागृहात ते अंथरुणाला खिळले आहेत, ही बातमी २००२ मध्ये पसरली, तेव्हा ऐंशीच्या घरातले माजी सैनिक त्यांना भेटायला येऊ लागले. काहींनी जपून ठेवलेली जुनी कात्रणे सोबत आणली. जे येऊ शकले नाहीत त्यांनी लिहिले; दहा हजारांहून अधिक पत्रे आली. २२ जानेवारी २००३ रोजी मॉल्डिन यांचे निधन झाले आणि आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांचे दफन झाले. २०१० मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. त्यावर मॉल्डिन यांच्यासोबत विली आणि ज्यो आहेत, दोघांचीही दाढी वाढलेलीच.