शेती करमुक्त, मग पुढाऱ्याचा कर किती?

निवडणुकीत संगमनेरसारख्या मतदारसंघातली उमेदवारांची शपथपत्रं चाळली, की कोट्यवधींची मालमत्ता आणि ‘व्यवसाय : शेती’ या नोंदी अनेकदा शेजारीशेजारी दिसतात. अशा उत्पन्नावर कर किती लागतो?

शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. शेतीवर असा कर लावण्याचा अधिकार राज्यघटनेने राज्यांना दिला आहे. महत्त्वाचं म्हणजे या सवलतीला वरची मर्यादाच नाही. दोन एकर कांद्याला जो नियम, तोच कोटीभर रुपयांच्या उत्पन्नाला.

पळवाट इथेच निघते. धंद्यातला नफा किंवा बेहिशेबी रोकड ‘शेतीचं उत्पन्न’ म्हणून दाखवली, की कर शून्य. पाटाचं पाणी पिकासाठी सुटावं आणि मधेच कुणी ते आपल्या कारखान्याकडे वळवावं, तसंच हे. खऱ्या शेतीची सवलत घेणं कायदेशीर आहे. खोटं उत्पन्न दाखवणं गुन्हा आहे.

मोठ्या शेती उत्पन्नावर कर लावावा, असं के. एन. राज समितीने 1972 मध्येच सुचवलं होतं. पण कायदा करणारेच या सवलतीचे लाभार्थी असतील, तर तो बदलणार कोण? म्हणून कर वाचवणं कायद्यात बसलं, तरी लोकप्रतिनिधीची नैतिक जबाबदारी संपत नाही. रस्ते, शाळा, दवाखाने करातूनच उभे राहतात आणि काडेपेटी घेणारा मजूरसुद्धा जीएसटी भरतो.

2019 पासून उमेदवाराच्या शपथपत्रात गेल्या पाच वर्षांचं आयकर विवरणपत्रातलं उत्पन्न द्यावं लागतं. मत देण्याआधी तो रकाना मालमत्तेशी ताडून पाहा आणि उमेदवाराला जाहीर सभेत प्रश्न विचारा.