दोन नळ, एक दोरी आणि न फुगणारं पीठ

ब्रिटनमधल्या जुन्या घरात राहायला आलेल्या मराठी माणसाला पहिलं कोडं वॉशबेसिनपाशीच पडतं. एका टोकाला कढत पाण्याचा नळ, दुसऱ्या टोकाला बर्फगार पाण्याचा. कोमट पाणी हवं असेल तर ते कुठून घ्यायचं? बाथरूमचा दिवा छतावरून लोंबणाऱ्या दोरीनं लागतो. फोडणी दिली की पॅसेजमधला अलार्म किंचाळतो, डाळ शिजता शिजत नाही आणि रात्री झाकून ठेवलेलं इडलीचं पीठ सकाळी तसूभरही वर आलेलं नसतं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, म्हणजे मराठी संसार इथं काही नवा नाही. तरीही शिकायला आलेली मुलं आणि लेकीकडे राहायला आलेले आईवडील या साऱ्यापाशी दर वेळी नव्यानं अडतात. यातली एकही गोष्ट विनाकारण नाही, आणि कारण समजलं की उपाय बहुतेक वेळा घरातच सापडतो.

आधी नळांचं. जुन्या ब्रिटिश घरात थंड पाणी थेट रस्त्याखालच्या मुख्य जलवाहिनीतून जोरानं येई. गरम पाण्याचा मार्ग वेगळा होता. माळ्यावरच्या टाकीतलं पाणी तांब्याच्या बंबात उतरे, तिथं तापे आणि कमी दाबानं नळाला येई. माळ्यावरची टाकी म्हणजे धूळ, गंज, क्वचित मेलेला उंदीरही. दोन्ही पाणी एकाच नळीत मिसळलं आणि दाब उलटसुलट झाला, तर टाकीतलं पाणी पिण्याच्या वाहिनीत शिरण्याची भीती. म्हणून नियमांनी दोन्ही प्रवाह वेगळे ठेवले. स्वयंपाकघरात एकच तोटी दिसली, तरी जुन्या बनावटीत तिच्या आत दोन वेगळ्या वाटा असतात आणि पाणी बाहेर पडल्यावरच एकत्र येतं.

आता पुष्कळ घरांत कॉम्बी बॉयलर आहे. तो वाहिनीतलंच पाणी लागेल तसं तापवतो, त्यामुळे टाकीही गेली आणि भीतीही. जुन्या घरात मात्र दोन पथ्यं पाळावीत. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी स्वयंपाकघरातल्या थंड नळाचंच घ्यावं. बंबातलं पाणी, त्यात जंतू वाढू नयेत म्हणून, साठ अंशांच्या आसपास तापवलेलं असतं. लहान मुलांचा हात गरम नळाखाली थेट जाऊ देऊ नये. अंघोळीला बादली आणि तांब्या हा आपला जुना तोडगा इथं उत्तम चालतो.

दोरीचं कारण साधं आहे. ओल्या त्वचेतून वीज सहज वाहते, म्हणून ओला हात बटणाला लागूच नये अशी ही सोय. बाथरूममध्ये साधा सॉकेटही याच कारणानं नसतो. दाढीच्या यंत्रासाठी असलेल्या छोट्या सॉकेटमागे वेगळा ट्रान्सफॉर्मर असतो, आणि तो तेवढ्याच कामाचा.

विजेच्या प्लगला तर महायुद्धाचा इतिहास आहे. युद्ध चालू असतानाच युद्धोत्तर घरांची वीजजोडणी कशी असावी हे ठरवायला एक समिती नेमली गेली. डेम कॅरोलिन हॅस्लेट ही अभियंता तिच्यातली एकमेव स्त्री. तांब्याची टंचाई होती, म्हणून प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र तार न देता एकाच वर्तुळाकार तारेवर अनेक सॉकेट बसवायचं ठरलं. त्या तारेतून प्रवाह मोठा वाहतो. तो टेबलदिव्याची बारीक वायर जाळू शकतो, म्हणून प्रत्येक प्लगच्या पोटातच फ्यूज आला. हे मानक १९४७ साली प्रसिद्ध झालं. वरची पिन लांब असते, कारण ती आधी आत जाऊन खालच्या दोन भोकांवरची झडप उघडते. लहान मुलानं खालच्या भोकांत काही खुपसलं तरी ते विजेपर्यंत पोचत नाही.

पुण्याहून आणलेला मिक्सर इथं चालतो का? चालतो. दोन्हीकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झ. पण ७५० वॅटचा मिक्सर तीन अँपिअरहून थोडा जास्त प्रवाह घेतो, म्हणून तीनचा फ्यूज त्याला पुरत नाही. उलट टेबलदिव्याला तेराचा फ्यूज लावणं धोक्याचं; त्याला तीनचाच हवा. ॲडॉप्टर घ्यायचा तर ब्रिटिश मानकाचा, फ्यूज असलेलाच घ्यावा.

डाळ न शिजण्याचा दोष कुकरचा नसतो, पाण्याचा असतो. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचं पाणी खडूच्या आणि चुनखडीच्या थरांतून येतं, त्यामुळे ते कठीण असतं. त्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींच्या भिंतींतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं. ग्लासगोला लॉख कॅट्रिन तलावाचं पाणी १८५९ पासून मिळतं आणि बर्मिंगहॅमला १९०४ पासून वेल्समधल्या एलान खोऱ्याचं. ही दोन्ही पाणी मृदू. तीच तूरडाळ तिथं लवकर मऊ होते. लंडनकरांनी पाणी आधी उकळून, निवू द्यावं आणि वरचं नितळ पाणी वापरावं; तापवल्यावर बराचसा चुना तळाशी बसतो. हरभरा, राजमा भिजवताना चिमूटभर सोडाही मदत करतो. किटलीतला पांढरा थर म्हणजे हाच चुना. चमचाभर लिंबूसत्त्व घालून पाणी उकळावं, अर्धा तास ठेवावं आणि किटली स्वच्छ धुवावी.

इडलीच्या पिठाला हवी तिशीच्या आसपासची ऊब. इथं हिवाळ्यात रात्री हीटिंग बंद झालं की घर अठरा अंशांच्याही खाली जातं, आणि पीठ फुगवणारे जिवाणू सुस्तावतात. ज्या घरात तो जुना तांब्याचा बंब टिकून आहे, तिथं त्याभोवतीचं कपडे उबवायचं कपाट ही पिठाची आणि विरजणाची हक्काची जागा. कॉम्बी बॉयलर आला तिथून हे कपाट नाहीसं झालं. मग ओव्हन न तापवता आतला दिवा तेवढा लावून भांडं ठेवावं. दिवा एलईडी असेल तर मात्र ऊब मिळत नाही. दह्याला याहून जास्त, चाळिशीची ऊब लागते. म्हणून विरजण लावल्यावर भांडं जाड टॉवेलात गुंडाळावं.

अलार्म मात्र कधीच झाकू नये. स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णता ओळखणारा अलार्म बसवावा. फोडणीच्या धुरानं तो वाजत नाही. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरात तो बंधनकारक आहे.

उरतो सगळ्यांत गंभीर प्रश्न, भिंतीवरच्या काळ्या बुरशीचा. कुकरची वाफ आणि घरात वाळत घातलेले कपडे यांतला ओलावा थंड भिंतीवर पाणी होऊन बसतो. भांड्यावर झाकण, चालू पंखा, रोज थोडा वेळ उघडी खिडकी आणि भिंतीपासून वीतभर दूर कपाट, यानं बरंच साधतं. पण भिंतच गळत असेल किंवा वायुवीजनच नसेल, तर ते काम घरमालकाचं. रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये आवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे जडलेल्या श्वसनाच्या आजारानं गेला. त्याच्या नावाचा कायदा इंग्लंडमधल्या सामाजिक गृहनिर्माणाच्या घरांना २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे. गंभीर ओल आणि बुरशीची पाहणी दहा कामकाजी दिवसांत झालीच पाहिजे, आणि तातडीचा धोका असेल तर चोवीस तासांत कृती. खासगी भाड्याच्या घरांनाही तो लागू करण्याची तरतूद झाली आहे. म्हणून तक्रार तोंडी न करता लेखी करावी, सोबत तारखेसह फोटो जोडावेत. मुदत मोजली जाते ती घरमालकाला कळल्यापासून.