राखणदाराची राखण



रात्रीची लाईट आली की आपण बॅटरी घेऊन उसाला दारे धरायला निघतो. पुढे कोण चालतो? वस्तीवरचा कुत्रा. घर, गोठा, शेरडं, कोंबड्या, सगळ्यांची राखण तो करतो आणि भाकरतुकड्यावर राहतो. पण या राखणदाराची राखण कोण करतो? आज त्याविषयी बोलू.

बिबट्या कुत्राच का धरतो?

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरात, अकोले, संगमनेर, राहुरी, राहाता या भागांना बिबट्या नवा नाही. उसाच्या फडात त्याला आडोसा मिळतो. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासून ते काय खातात याचा अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचा वाटा ११ टक्केच होता.

आता पहा, त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या. मग शेळी सोडून कुत्रा का? कारण शेळी रात्री कोंडलेली असते, कुत्रा मात्र उघड्यावर असतो. यातच उपायही आला. जी काळजी शेळीची, तीच कुत्र्याची घ्या.

रात्रीचा बंदोबस्त

१. कुत्र्याला अंगणात आखूड साखळीने बांधून झोपू नका. त्याला पळता येत नाही की झुंजता येत नाही. बिबट्याला मात्र आयते सापडते.

२. त्याला गोठ्यात किंवा मजबूत जाळीच्या खुराड्यात ठेवा. चारी बाजूंनी जाळी हवी, तशीच वरूनही हवी. बिबट्या चढण्यात पटाईत असतो. दाराला कडी घाला.

३. कोणी म्हणेल, "कोंडलेला कुत्रा राखण काय करणार?" अहो, कुत्र्याची खरी राखण त्याच्या भुंकण्यात आहे. ते आतूनही ऐकू येते.

४. उघड्या ओसरीवर लहान मुलाला झोपवू नका, आणि कुत्र्याजवळ तर मुळीच नको. कुत्र्यासाठी आलेला बिबट्या माणसाच्या जवळ येतो, धोका तिथेच असतो.

५. मेलेल्या कोंबड्या आणि जनावरे उघड्यावर टाकू नका, खोल पुरा. त्या वासाने मोकाट कुत्री जमतात आणि त्यांच्यामागे बिबट्या येतो.

पाण्याच्या पाळीला जाताना दोघे मिळून जा, मोठ्याने बोलत चला. पुढे गेलेला कुत्रा एकाएकी शेपूट घालून तुमच्या पायात आला, तर तिथेच थांबा. बॅटरी पुढे धरा, आवाज करा आणि हळूहळू मागे या. पळू नका, वाकू नका. बिबट्याने कुत्रा उचलला तर काठी घेऊन फडात शिरू नका. वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा.

लस चुकवू नका

दुसरा वैरी डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे पिसाळणे, अर्थात रेबीज. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की जनावरांच्या दवाखान्यात नेऊन लस टोचून घ्या. पुढची मात्रा डॉक्टर सांगतील तेव्हा द्या आणि नंतर दर वर्षी लस द्या. बिबट्या, कोल्हा किंवा दुसरा कुत्रा चावला, तर आधी लस झालेली असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जखमेला उघड्या हाताने हात लावू नका.

माणसाला कुत्रा चावला, मग तो घरचा का असेना, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. चुना, मिरची, हळद, तेल काही लावू नका. लगेच सरकारी दवाखाना गाठा. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, ही भीती आता काढून टाका. ती जुनी लस २००५ पासून आपल्या देशात वापरात नाही, आताची लस दंडात देतात. जखम खोल असेल तर जखमेच्या जागीही औषध टोचतात. दिलेल्या तारखांपैकी एकही चुकवू नका. हा रोग एकदा अंगात दिसू लागला की माणूस सहसा वाचत नाही. वेळेवर लस घेतली तर हा रोग टळतो.

रोजची निगा

गोचीड झाले म्हणून फवारणीचे औषध कुत्र्याच्या अंगावर ओतू नका, ते चाटून कुत्रा मरतो. गोचिडाचे आणि जंताचे औषध डॉक्टरांना विचारूनच द्या. उंदरांचे विषारी आमिष आणि औषध लावलेले बियाणे त्याच्या तोंडाला लागणार नाही असे ठेवा. उन्हाळ्यात सावली आणि स्वच्छ पाणी हवे.

बंधूंनो, दिवेलागणीला शेळ्या मोजून आत घेता ना? आजपासून त्या मोजणीत एक आकडा वाढवा.

राम राम!