गाजर गवत गव्हातूनच आलं का?

ही गोष्ट आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेली असते. अमेरिकेच्या पीएल-४८० च्या गव्हातून गाजर गवत भारतात आलं आणि तेव्हा राज्य काँग्रेसचं होतं, म्हणून त्याला 'काँग्रेस गवत' म्हणतात. पण तारखा जुळवायला बसलं की ती जरा लडबडते. ही वनस्पती पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर दिसली १९५५ साली. भारताचा पीएल-४८० करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. आता, १९५१ च्या कर्जातूनही अमेरिकेचं धान्य आलं होतं, त्यामुळे गहू अगदीच निर्दोष सुटतो असं नाही. पण खरी पंचाईत करते ती त्याहून जुनी नोंद. रॉक्सबर्ग यांच्या १८१४ च्या यादीत, म्हणजे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातल्या झाडांच्या यादीत, पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे नाव आहे!

म्हणजे १४० वर्षं आधी ती देशात येऊन गेली होती आणि कुणाला तिचा काही त्रास नव्हता. मग १९५५ नंतर असं काय झालं, की आज जवळपास प्रत्येक राज्यात ती आहे?

याचा एक चांगला धागा ऑस्ट्रेलियात सापडतो. तिथल्या क्वीन्सलँडमध्ये हे तण दोनदा आलं. टूगूलावा गावाजवळ १९५५ मध्ये नोंद झाली, पण तिथलं गवत फारसं पसरलं नाही. पुढे १९६० च्या सुमारास टेक्सासहून मागवलेल्या चाऱ्याच्या बियाण्यात भेसळ होऊन ते क्लेरमॉंटजवळ आलं, आणि सत्तरच्या दशकात या दुसऱ्या खेपेनं मोठमोठी कुरणं गिळली. जात एकच, पण दोन्हीकडचे वाण वेगळे. क्लेरमॉंटचं जास्त उंच, जास्त जोमदार. तेव्हा 'आलं' आणि 'पसरलं' या दोन वेगळ्या घटना आहेत. भारतातही कलकत्त्याचं आणि पुण्याचं गवत वेगवेगळ्या खेपांचं असावं, असं मला वाटतं. 'आता आलंच आहे, अजून थोडं आलं तर काय बिघडतं' हा युक्तिवाद म्हणूनच पटत नाही. पुढची खेप आधीच्या खेपेपेक्षा चिवट असू शकते.

वाण जोमदार असला की बाकीचं काम बी करतं. (नाव गवत असलं तरी हे सूर्यफुलाच्या कुळातलं झाड आहे.) एका पांढऱ्या फुलोऱ्यात जेमतेम पाच बिया, पण एका झाडावर फुलोरे इतके, की पंधरा ते पंचवीस हजार बिया सहज होतात. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलं. बी एक-दोन मिलिमीटरचं. ट्रॅक्टरच्या चाकाला, शेणखतात, मुरुमाच्या ट्रकमध्ये, कशातूनही जातं. इथिओपियात ते ऐंशीच्या दशकात दिरे दावा भागात दिसलं, तिथेही संशय मदतीच्या धान्यावरच आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी त्याला ठेवलेल्या एका नावाचा अर्थ होतो, 'सही करून जमीन सोडून दे'. आपलं 'चटक चांदणी' त्यापुढे फारच लाडिक वाटतं.

विषारीपणा मुख्यतः पार्थेनिन नावाच्या रसायनाचा. ते शेजारच्या पिकाचं बी उगवू देत नाही, जनावरानं हे गवत खाल्लं तर दूध कडवट लागतं, आणि माणसाच्या कातडीवर खाज, पुरळ उठतं. परागकणांनी शिंका, दमा सुरू होतो तो वेगळाच. एकदा ॲलर्जी जडली की सहसा सुटत नाही. शेतात रोज उघड्या हातांनी हे उपटणाऱ्या बायांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, आणि त्यांना हातमोजे दिलेले मी क्वचितच पाहिलेत.

मेक्सिकोहून आणलेला झायगोग्रामा भुंगेरा १९८४ मध्ये बंगळुरात सोडला गेला. पावसाळ्यात तो पानांचा फडशा पाडतो, पण कोरड्या दिवसांत जमिनीत जाऊन झोपतो. गवत मात्र ओलावा मिळेल तिथे बाराही महिने उगवतं. म्हणून भुंगेऱ्यावर सगळं सोपवून चालत नाही. फुलं येण्याआधी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटलं तर ते कंपोस्टमध्येही चालतं. फुलं आल्यावर उपटून बांधावर टाकलं, की उरलेलं बी तिथेच पिकतं. आणि बाहेरून शेणखत किंवा माती आणली असेल, तर पहिल्या पावसानंतर त्या जागी नजर ठेवा. नवी रोपं पहिल्यांदा तिथेच दिसतात: जमिनीला चिकटलेली, गाजराच्या पाल्यासारख्या पानांची.