ब्रुकलिन डॉजर्स संघाचा १९५५ चा हंगाम

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील व्यावसायिक बेसबॉलच्या इतिहासातील एक संस्मरणीय हंगाम. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन विभागाचा ‘डॉजर्स’ हा संघ या वर्षी प्रथमच ‘वर्ल्ड सिरीज’ या अजिंक्यपदाच्या मालिकेत विजयी झाला. ब्रुकलिनमधील वास्तव्यात त्याला मिळालेले हे एकमेव अजिंक्यपद होय. त्यानंतर दोनच वर्षांनी संघाने ब्रुकलिन कायमचे सोडले.

ब्रुकलिन हे १८९८ पर्यंत स्वतंत्र शहर होते. त्या वर्षी ते न्यूयॉर्क महानगरात विलीन झाले. तथापि तेथील रहिवाशांची वेगळेपणाची जाणीव लोपली नाही. स्वतःचे महापौरपद व नगरपालिका गेल्यावर ब्रुकलिनचे म्हणून जे थोडे उरले, त्यांत बेसबॉल संघ प्रमुख होता. १८८३ मध्ये स्थापन झालेला हा संघ १८९० मध्ये ‘नॅशनल लीग’मध्ये आला. रस्त्यांवरील ट्रॅमगाड्या चुकवीत ये-जा करणाऱ्या ब्रुकलिनकरांना थट्टेने ‘ट्रॉली डॉजर्स’ म्हणत. त्यावरून संघाचे नाव रूढ झाले. १९१३ पासून संघाचे सामने एबेट्स फील्ड या मैदानावर होत. सुमारे ३२,००० प्रेक्षकांचे हे मैदान दाट वस्तीत होते व प्रेक्षक खेळाडूंच्या इतके निकट बसत, की त्यांची शेरेबाजी खेळाडूंना स्पष्ट ऐकू येई.

पराभवांची परंपरा : अमेरिकेत त्या काळी नॅशनल लीग व अमेरिकन लीग असे प्रत्येकी आठ संघांचे दोन गट होते. एप्रिल ते सप्टेंबर या काळात प्रत्येक संघ १५४ सामने खेळे आणि दोन्ही गटांतील अग्रेसर संघांत ऑक्टोबरच्या सुमारास सात सामन्यांची अंतिम मालिका होई. तीत प्रथम चार सामने जिंकणारा संघ अजिंक्य ठरे. डॉजर्स १९१६ व १९२० मध्ये अंतिम मालिकेत हरले. पुढे १९४१, १९४७, १९४९, १९५२ व १९५३ अशा पाच वेळा ते पुन्हा त्या पायरीवर पोहोचले आणि पाचही वेळा त्याच शहरातील न्यूयॉर्क यँकीज या संघाकडून पराभूत झाले. १९४१ मध्ये जवळजवळ हाती आलेला एक सामना कॅचरच्या हातून निसटलेल्या एका चेंडूमुळे गेला. १९५१ मध्ये तर ऑगस्टमध्ये सुमारे १३ सामन्यांची आघाडी असूनही न्यूयॉर्क जायंट्स संघाने त्यांना गाठले आणि निर्णायक सामन्याच्या शेवटच्या डावातील बॉबी टॉमसनच्या टोल्याने अंतिम मालिकेचे दारही बंद झाले. ‘पुढच्या वर्षी पाहू’ हे ब्रुकलिनच्या प्रेक्षकांचे दरवर्षीचे पालुपद बनले. यँकीजनी १९५३ पर्यंत १६ अजिंक्यपदे मिळविली होती, त्यांपैकी शेवटची पाच ओळीने. या दोन संघांची स्पर्धा श्रीमंत आणि गरीब शेजाऱ्यांच्या भांडणासारखी भासे, याचे कारण या आकड्यांत आहे.

वर्णभेदाचा प्रश्न : डॉजर्सचे महत्त्व केवळ खेळापुरते नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रमुख संघांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना दूर ठेवले होते. यासाठी लेखी नियम असा नव्हता. मालकांचा अलिखित संकेत पुरेसा होता. डॉजर्सचा तत्कालीन व्यवस्थापक ब्रँच रिकी (१८८१–१९६५) याने तो मोडला व १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन (१९१९–७२) मैदानात उतरला. त्याला शिव्याशाप, धमक्या आणि प्रतिस्पर्ध्यांचा हेतुपुरस्सर धसमुसळेपणा सहन करावा लागला. त्यानंतर कॅचर रॉय कँपानेला (१९२१–९३) व पिचर डॉन न्यूकम (१९२६–२०१९) हे संघात आले. १७ जुलै १९५४ रोजी मिलवॉकी येथील सामन्यात डॉजर्सच्या नऊ खेळाडूंत पाच कृष्णवर्णीय होते. प्रमुख संघांच्या इतिहासात असे प्रथमच घडत होते. उलट यँकीजनी आपला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू एल्स्टन हॉवर्ड याला १९५५ मध्ये संघात घेतले. साहजिकच या दोन संघांच्या लढतीकडे कृष्णवर्णीय अमेरिकनांचे लक्ष वेगळ्या कारणाने लागलेले असे.

हंगामातील वाटचाल : १९५५ मध्ये संघाची सूत्रे वॉल्टर ॲल्स्टन (१९११–८४) याच्याकडे होती. प्रमुख संघात खेळाडू म्हणून तो अवघा एक सामना खेळला होता व त्यातील एकमेव फलंदाजीत बाद झाला होता. १९५४ मध्ये त्याच्या पहिल्याच वर्षी संघ दुसऱ्या क्रमांकावर राहिल्याने त्याच्या कुवतीविषयी शंका घेतली जात होती. रॉबिन्सनशी त्याचे पटत नव्हते. मे महिन्यात न्यूकमने सरावासाठी चेंडू फेकण्यास नकार दिला, तेव्हा ॲल्स्टनने त्याला घरी पाठविले. या मितभाषी मार्गदर्शकाचा अधिकार त्या दिवसापासून अधिक मानला जाऊ लागला, असे म्हणावयास हरकत नाही.

हंगामाचा प्रारंभ विलक्षण झाला. पहिले दहा सामने ओळीने आणि पहिल्या २४ पैकी २२ सामने डॉजर्सनी जिंकले. इतर संघांना ती आघाडी भरून काढता आली नाही. ८ सप्टेंबर रोजी नॅशनल लीगचे विजेतेपद निश्चित झाले. त्या गटाच्या इतिहासात तोवर इतक्या लवकर ते कोणी मिळविले नव्हते. अखेरीस ९८ विजय व ५५ पराभव अशी नोंद करून डॉजर्स मिलवॉकी ब्रेव्ह्जच्या साडेतेरा सामने पुढे राहिले. ड्यूक स्नायडर (१९२६–२०११) याने ४२ होमरन फटकावून १३६ धावा घडवून आणल्या. आदल्या वर्षी हाताच्या दुखापतीने बेजार झालेल्या कँपानेलाची फलंदाजीची सरासरी ०·३१८ होती. त्याला गटातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा बहुमान तिसऱ्यांदा मिळाला. न्यूकमने २० सामने जिंकले, पाच हरले. शिवाय फलंदाजीतही सात होमरन काढले, जे पिचरच्या बाबतीत दुर्मिळच होय. याच वर्षी ब्रुकलिनमध्येच जन्मलेला १९ वर्षांचा सँडी कोफॅक्स संघात आला; पुढे तो बेसबॉलमधील थोर पिचरांत गणला गेला, परंतु या हंगामात त्याच्या वाट्याला फारसे सामने आले नाहीत. ३६ वर्षांच्या रॉबिन्सनचा खेळ मात्र उतरणीला लागला होता. त्याची सरासरी ०·२५६ एवढीच राहिली.

मैदानावर असे यश मिळत असताना ऑगस्टमध्ये संघमालक वॉल्टर ओमॅली (१९०३–७९) याने पुढील वर्षीचे सात सामने ब्रुकलिनऐवजी शेजारच्या न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटी येथे खेळविण्याचा निर्णय जाहीर केला. १९४७ मध्ये एबेट्स फील्डवर १८ लाखांवर प्रेक्षक आले होते. १९५५ मध्ये विजेता संघ असूनही ती संख्या सुमारे १० लाख ३३ हजारांवर आली. मोटारी लावण्यास जागा नाही, मैदान जुने झाले, अनेक कुटुंबे उपनगरांत राहावयास गेली व दूरचित्रवाणीवर सामने घरबसल्या दिसू लागले, ही त्याची कारणे होती.

अंतिम मालिका : मालिकेला २८ सप्टेंबर रोजी यँकी स्टेडियममध्ये प्रारंभ झाला. यँकीजनी पहिला सामना ६–५ असा जिंकला. त्यात आठव्या डावात रॉबिन्सनने पिचर चेंडू फेकत असतानाच तिसऱ्या तळावरून धाव घेऊन ‘होम’ गाठले. यँकीजचा कॅचर योगी बेरा याने पंचाच्या निर्णयाविरुद्ध थयथयाट केला आणि रॉबिन्सन बाद होता हे मत त्याने आयुष्यभर सोडले नाही. दुसरा सामनाही यँकीजनी ४–२ असा जिंकला. पहिले दोन सामने हरल्यावर सात सामन्यांची अंतिम मालिका तोवर कोणत्याच संघाने जिंकली नव्हती.

तिसऱ्या सामन्यासाठी ॲल्स्टनने जॉनी पॉड्रेस (१९३२–२००८) या डावखुऱ्या पिचरची निवड केली. लोखंडाच्या खाणीत काम करणाऱ्याचा हा मुलगा. खांद्याच्या दुखण्यामुळे त्याचा हंगाम बेताचाच गेला होता आणि जिंकलेल्या ९ सामन्यांच्या तुलनेत हरलेले सामने १० होते. ३० सप्टेंबरला, आपल्या तेविसाव्या वाढदिवशी, त्याने वेगवान चेंडूच्याच आविर्भावात संथ चेंडू टाकून यँकीजना चकविले व डॉजर्सनी ८–३ असा विजय मिळविला. एबेट्स फील्डवरील पुढचे दोन सामनेही डॉजर्सनी ८–५ व ५–३ असे जिंकले. पाचव्या सामन्यात स्नायडरने दोन होमरन काढले. मालिका यँकी स्टेडियममध्ये परतताच सहाव्या सामन्यात यँकीजनी पहिल्याच डावात पाच धावा करून ५–१ असा विजय मिळविला. मालिका बरोबरीत आली आणि ब्रुकलिनमध्ये जुनी धास्ती पुन्हा जागी झाली.

४ ऑक्टोबरच्या निर्णायक सामन्याला ६२,४६५ प्रेक्षक उपस्थित होते. दुखापतीमुळे रॉबिन्सन खेळू शकला नाही. न्यूकमलाही पहिल्या सामन्यानंतर पुन्हा संधी मिळाली नव्हती. चेंडू पुन्हा पॉड्रेसच्याच हाती देण्यात आला. चौथ्या डावात गिल हॉजेसच्या (१९२४–७२) फटक्यावर कँपानेलाने पहिली धाव काढली. सहाव्या डावात हॉजेसनेच उंच टोलवलेल्या चेंडूवर तो झेलबाद झाला, पण कर्णधार पी वी रीस (१९१८–९९) याला धाव घेता आली. १९५२ च्या मालिकेत २१ संधींत एकही यशस्वी फटका न मारू शकलेल्या व ज्याच्यासाठी ब्रुकलिनच्या चर्चमधून प्रार्थना झाल्या, त्याच हॉजेसने या सामन्यातील दोन्ही धावा घडवून आणल्या.

सहाव्या डावात डॉजर्सच्या फलंदाजीच्या वेळी ॲल्स्टनने दुसऱ्या तळावरील खेळाडूऐवजी एक राखीव फलंदाज पाठविला. त्यामुळे क्षेत्ररचना बदलावी लागली : जिम गिलियम डाव्या बाहेरच्या क्षेत्रातून दुसऱ्या तळावर आला आणि त्याच्या जागी सँडी आमोरोस (१९३०–९२) हा क्यूबन खेळाडू उभा राहिला. हा बदल काही मिनिटांतच निर्णायक ठरला. यँकीजचे दोन खेळाडू पहिल्या व दुसऱ्या तळावर असून एकही बाद झालेला नव्हता. फलंदाजीला बेरा होता. हा डावखुरा फलंदाज सहसा उजव्या बाजूला टोलवीत असल्याने आमोरोस मैदानाच्या मध्याकडे सरकून उभा होता. बेराने अनपेक्षितपणे चेंडू डाव्या सीमारेषेच्या कडेला उंच मारला. आमोरोस बराच पल्ला धावत गेला आणि कठड्याजवळ उजवा हात लांबवून त्याने चेंडू झेलला. तो डावखुरा असल्याने झेलाचा हातमोजा त्याच्या उजव्या हातात असे. गिलियमच्या डाव्या हातातील मोजा तेथवर पोहोचला नसता, असे मत अनेकांनी नोंदविले आहे व ते पटण्यासारखे आहे. आमोरोसने तत्काळ रीसकडे व रीसने हॉजेसकडे चेंडू फेकला. पहिल्या तळाकडे परतणारा गिल मकडूगल्ड बाद झाला. बरोबरीची शक्यता एका झेलाने दुरावली.

आठव्या डावात यँकीजचे खेळाडू पहिल्या व तिसऱ्या तळावर पोहोचले, पण पॉड्रेसने बेरा व हँक बॉवर यांना बाद केले. दुपारच्या लांबलेल्या सावल्यांत चेंडू नीट दिसत नाही हे ओळखून त्याने अखेरच्या डावांत वेगवान चेंडूंवर भर दिला. नवव्या डावात हॉवर्डने मारलेला सरपटी चेंडू रीसने अडवून हॉजेसकडे फेकला आणि डॉजर्सनी सामना २–० असा जिंकला. १९४१ पासूनचे सर्व पराभव पाहिलेल्या रीसच्या हातून हा शेवटचा बळी जावा, हा योगायोग मोठा समाधानाचा होता. ब्रुकलिनमध्ये लोक रस्त्यांवर उतरले, मोटारींच्या मिरवणुका रात्री उशिरापर्यंत चालू होत्या. मालिकेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूसाठी त्या वर्षी प्रथमच दिलेला पुरस्कार पॉड्रेसला मिळाला. पुढचा संपूर्ण हंगाम मात्र त्याला लष्करी सेवेमुळे मुकावा लागला.

उत्तरकाल : १९५६ मध्ये डॉजर्स पुन्हा अंतिम मालिकेत पोहोचले व यँकीजकडून ३–४ असे हरले. त्याच वर्षाच्या अखेरीस रॉबिन्सनचा करार जायंट्स संघाला विकण्यात आला; तो न स्वीकारता त्याने निवृत्ती पत्करली. ओमॅलीला ब्रुकलिनमध्येच, अटलांटिक व फ्लॅटबुश या रस्त्यांच्या संगमाजवळ, नवे मैदान हवे होते. त्यासाठी नगरप्रशासनाने जागा संपादन करून द्यावी अशी त्याची मागणी होती. शहराच्या बांधकामांवर प्रभुत्व असलेल्या रॉबर्ट मोझेस याने ती अमान्य केली आणि क्वीन्स विभागातील फ्लशिंग मेडोज येथील जागा सुचविली. संघ जाण्याचा दोष ओमॅलीच्या लोभाला द्यावा की मोझेसच्या हट्टाला, याविषयी अभ्यासकांत अद्याप मतभेद आहेत. ब्रुकलिनच्या जुन्या रहिवाशांनी मात्र ओमॅलीला कधीच क्षमा केली नाही. २४ सप्टेंबर १९५७ रोजी एबेट्स फील्डवरील अखेरच्या सामन्याला ६,७०२ प्रेक्षक होते. ८ ऑक्टोबरला संघ लॉस अँजेल्सला हलविण्याची घोषणा झाली. तेथील पहिला हंगाम सुरू होण्यापूर्वीच, जानेवारी १९५८ मध्ये, मोटार-अपघातात कँपानेला पंगू झाला. १९६० मध्ये एबेट्स फील्ड पाडण्यास प्रारंभ झाला व त्या जागी निवासी इमारती उभ्या राहिल्या.

या संघातील खेळाडूंच्या उत्तरायुष्यावर रॉजर कान याने लिहिलेले ‘द बॉइज ऑफ समर’ (१९७२) हे पुस्तक विशेष गाजले. बेसबॉलच्या सन्मान-दालनात रॉबिन्सन १९६२ मध्ये, कँपानेला १९६९ मध्ये, कोफॅक्स १९७२ मध्ये, स्नायडर १९८० मध्ये, ॲल्स्टन १९८३ मध्ये व रीस १९८४ मध्ये समाविष्ट झाला. हॉजेसची निवड मात्र वारंवार हुकत राहिली. ती त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ ५० वर्षांनी झाली व २०२२ मध्ये त्याचे नाव तेथे लागले.