जुन्या मोटारीचे दुखणे

आपल्या खेड्यापाड्यांतून बैलगाडी अद्याप पुरती नाहीशी झालेली नाही. आणि जेथे ती दिसेनाशी झाली आहे, तेथील वृद्धांनाही तिच्याखाली लोंबणारा वंगणाचा नळा खचित आठवत असेल. लांबच्या वाटेला निघण्यापूर्वी गाडीवान चाक ढिले करून आसाला वंगण चोपडी, आणि मगच बैल जुंपी. वंगणावाचून गाडी निघालीच, तर तिची कुरकुर ऐकून वाटेवरचा अनोळखी मनुष्यदेखील हटकी, "अहो, आस झिजतोय!" चाकाच्या तुंब्यात बसविलेली लोखंडी नळी झिजली की चाक डुगडुगते, आणि डुगडुगणारे चाक केव्हा तरी गाडी उलथविते, हे ज्ञान त्या काळी पोराटोरांसही होते.

हा वंगणाचा नळा मला आठवला तो इंदुरात, एका नव्वद वर्षांहून जुन्या मोटारीपुढे उभा असताना.

इंदूर ही होळकरांची नगरी. तेथील अखेरचे राज्यकर्ते, दुसरे यशवंतराव होळकर (१९०८-१९६१), यांना मोटारींचा मोठा षोक होता. अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीच्या एका मोटारीवर लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याने १९३६ साली त्यांच्यासाठी खास साज चढविला. नारिंगी व काळ्या रंगांच्या त्या गाडीच्या आठ नळकांड्यांच्या इंजिनाची ताकद ३२० अश्वशक्ती असल्याचे कारखाना सांगे. पुढे ती गाडी अमेरिकेस परत गेली. परंतु एवढ्या बलाढ्य गाडीची पुढची चाकेसुद्धा वळत ती एका आडव्या आसाच्या दोन टोकांशी उभ्या बसविलेल्या दोन पोलादी खिळ्यांवरच. राजाची मोटार असो वा गृहस्थाची, त्या काळी बहुतेक साऱ्या गाड्यांचा भरवसा या दोन खिळ्यांवर असे.

मी पाहिली ती गृहस्थाची गाडी होती. फोर्ड कंपनीची 'मॉडेल ए', १९३० सालची. १९२७ च्या अखेरीपासून १९३१ पर्यंत या जातीच्या सुमारे ४८ लाख गाड्या निघाल्या. आपल्या देशात त्या बहुधा कॅनडातील फोर्ड कंपनीमार्फत येत. ज्यांच्या घरी मी उतरलो होतो, त्या मराठी कुटुंबातील आजोबांच्या वडिलांनी ती घेतली होती. आजोबा आता ऐंशी ओलांडून गेलेले. पुढील रविवारी शहरात जुन्या मोटारींची फेरी निघणार होती, आणि वडिलांच्या गाडीत बसून त्या फेरीत एकदा जावे, एवढीच त्यांची हौस होती. नातवाने रंग चढविला, नव्या गाद्या घातल्या, इंजिनही सुरेख चालू केले. एकच खोड उरली होती. ताशी तीस मैलांच्या सुमारास पुढची चाके थरथरू लागत आणि ती थरथर स्टिअरिंगमधून थेट हातांत येई.

गाडी मिस्त्रींकडे नेली, तेव्हा मीही सोबत गेलो. मिस्त्री इंदूरच्या मराठी वस्तीतच वाढलेले, मितभाषी गृहस्थ. त्यांनी मागच्या चाकांना दगडांचा अडसर लावला, पुढचा आस जॅकने उचलून भक्कम घोड्यांवर टेकविला, आणि चाकाच्या वरच्या व खालच्या काठाला दोन्ही हात लावून ते आतबाहेर हलविले. टकटक असा आवाज झाला. मग नातवास म्हणाले, "आता आत बसून ब्रेक दाबून धरा." पुन्हा चाक हलविले, आवाज तसाच. "ब्रेक दाबल्यावर आवाज बंद झाला असता, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तो तसाच राहिला, म्हणजे किंगपिनचे बुश गेले."

हे किंगपिन म्हणजेच ते उभे खिळे. पूर्वीच्या चारचाकी बग्गीचा पुढचा आस मधोमध एकाच खिळ्यावर सबंध फिरे. त्यामुळे वळणावर बग्गी कलंडण्याचे भय असे. म्युनिकच्या लँकेनस्पर्गर नावाच्या गाडीकाराने आस स्थिर ठेवून दोन्ही चाके आपापल्या खिळ्यावर वळविण्याची युक्ती काढली, आणि रुडॉल्फ अ‍ॅकरमान यांनी १८१८ साली लंडनमध्ये तिचे पेटंट घेतले. मोटार जन्मास येण्यापूर्वीची ही युक्ती पुढे मोटारीने उचलली. मॉडेल ए च्या आसाच्या टोकाला किंगपिन पक्का रोवलेला असतो, आणि चाक धरणारा लोखंडी तुकडा दाराच्या बिजागरीप्रमाणे त्याच्याभोवती फिरतो. या तुकड्यात वर एक व खाली एक अशा दोन लहान नळ्या ठोकून बसविलेल्या असतात. त्याच बुश. एका बाजूला दोन, म्हणजे गाडीस चार.

किंगपिन कठीण पोलादाचा, आणि बुश कासे या मऊ धातूचा. हा मऊपणा मुद्दाम ठेवलेला आहे. दोन कठीण धातू एकमेकांवर घासले तर दोघेही खरवडले जातात. म्हणून महागड्या भागाजवळ एक स्वस्त व मऊ भाग बसवावयाचा आणि झीज होईल ती प्रथम त्याने सोसावी, अशी ही योजना. बुश झिजला, हा त्याचा दोष नव्हे. ते तर त्याचे कर्तव्यच. दोष असतो तो झिजलेला बुश न बदलणाऱ्याचा. तशात या फोर्डच्या पुढच्या ब्रेकची दांडी पोकळ किंगपिनमधूनच आत जाते, म्हणजे येथील ढिलाई ब्रेकच्या वाटेतही लुडबुड करते.

नातू काकुळतीला आला. "मिस्त्री, रविवारपुरते ग्रीस भरून द्या. गाडी हळूच चालवू. फेरी झाली की सगळे काम करू."

मिस्त्रींनी हात पुसले व म्हणाले, "ग्रीसने आवाज झाकेल, फट बुजणार नाही. खिळ्यापाशी केसाएवढी फट असली, तरी चाकाच्या काठाशी ती कित्येक पटींनी वाढते. फेरीत रस्त्याच्या दोन्ही कडांना मुले उभी असतील. ही गाडी मी तुमच्या हाती देणार नाही."

नातवाच्या चेहऱ्यावर राग दिसला. परंतु आजोबांनी काठी टेकीत पुढे येऊन स्वतः चाक हलवून पाहिले, ती टकटक ऐकली, आणि म्हणाले, "फेरी पुढल्या वर्षीही निघेल. काम नीट करा." ऐंशी ओलांडलेल्या मनुष्याच्या तोंडी 'पुढल्या वर्षी' हे शब्द किती जड असतात, हे आम्हा सर्वांना कळले. कोणी काही बोलले नाही.

पुढचे काम मी दोन दिवस बसून पाहिले. चाक, ब्रेकचा ड्रम व मागची थाळी उतरविली. दोन्ही चाकांना जोडणारी आडवी दांडी सोडविली. किंगपिनला आसात अडकवून ठेवणारी निमुळती खीळ काढली. पिन गंजाने धरली होती. तिच्यावर घणाचे घाव न घालता मिस्त्रींनी तेल सोडून रात्रभर तसेच राहू दिले. सकाळी ती बेताच्या ठोक्यांनी निघाली. पाहतो तो एका बाजूने बोटाला खाच लागावी इतकी झिजलेली! बुश वेळेवर बदलले असते, तर पिन वाचली असती. आता दोन्ही बदलणे भाग होते.

नवे बुश दाबून बसविताना त्यांनी मला एक गोष्ट दाखविली. प्रत्येक बुशाला ग्रीस आत जाण्यासाठी छिद्र असते, व ते बाहेरील लोखंडातील छिद्राच्या अगदी समोर यावे लागते. घाईत ते फिरले, तर वरून कितीही ग्रीस भरा, आत थेंबभरही पोहोचत नाही, आणि नवा बुश कोरडाच झिजतो. त्यानंतर रीमर नावाच्या दातेरी हत्याराने वरचा व खालचा बुश एकाच रेषेत, एकाच फिरकीत कातून घेतला. पिन बोटाने ढकलली असता सरकावी, परंतु तसूभरही डुलू नये. दोहोंमधील मोकळीक इंचाचा हजारावा भाग, फार तर दीड. एवढी सूक्ष्म गोष्ट ते बोटांनी ओळखत, आणि मग मापकाने खात्री करून घेत. कात थोडी अधिक झाली असती, तर नवा बुशही वाया गेला असता.

जोडणी झाल्यावर जुन्या खिळी पुन्हा न वापरता नव्या घातल्या. ग्रीस कडेने डोकावेपर्यंत भरले. शेवटी दोन्ही चाकांच्या पुढच्या कडा मागच्या कडांपेक्षा सोळांश इंच जवळ येतील, असे आडव्या दांडीचे माप जुळविले. या फोर्डच्या जुन्या माहितीपुस्तकात दर ५०० मैलांस या जागी ग्रीस भरावे, असे सांगितले आहे. एवढे पाळले असते, तर हे दुखणे इतके वाढलेच नसते.

आता कोणी म्हणेल, असल्या जुन्या गाडीचे आम्हांस काय? इंदुरापासून जवळच, धार जिल्ह्यातील पिथमपूर येथे मोटारींची कसोटी घेण्यासाठी ११.३ किलोमीटर लांबीचा अतिवेगाचा रस्ता बांधला असून २०२१ साली त्याचे उद्घाटन झाले. नव्या मोटारींत पुढच्या चाकांची रचनाही बदलली आहे. हे सर्व खरे. परंतु मालमोटारी व बसगाड्या यांच्या पुढच्या आसात किंगपिन व बुश आजही असतात. शेतातील ट्रॅक्टरची पुढची चाकेही बहुधा बुशांतच वळतात. ज्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आपली माणसे बाजारास वा लग्नास जातात, त्याचे पुढचे चाक आपण कधी हलवून पाहिले आहे काय? चाक उचलून घोड्यावर टेकवावे, वर-खाली धरून हलवावे. टकटक ऐकू आली, तर मिस्त्रीस दाखविल्यावाचून गाडी रस्त्यावर आणू नये. पाच मिनिटांचे काम आहे.

ज्यांच्या घरी खरोखरीच पुराणी मोटार आहे, त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी होते व तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी, आणि अशा नोंदणीची गाडी रोजच्या वा धंद्याच्या कामास वापरू नये, असा दंडक आहे. झिजलेल्या बुशाच्या जागी तसाच नवा बुश घातल्याने गाडीचे मूळ रूप बिघडत नाही. उलट, ते टिकते.

त्या रविवारी आजोबांनी फेरी पाहिली ती रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून. प्रत्येक गाडी जवळ आली की ते प्रथम तिच्या पुढच्या चाकांकडे पाहात. दुसऱ्या दिवशी सायंकाळी मिस्त्रींनी फोर्ड सुरू करून त्यांना शेजारी बसविले आणि गॅरेजच्या मागील रिकाम्या रस्त्यावर एक चक्कर मारली. गाडी वळणावर सरळ वळली, सरळ झाली, आणि चाके थरथरली नाहीत. उतरल्यावर आजोबा नातवास एवढेच म्हणाले, "ग्रीसची तारीख भिंतीवर लिहून ठेव."